शेलू ते हरिहरेश्वर आणि परत: डोंगर-किनाऱ्याच्या प्रवासाची आखणी

कल्याण–कर्जत रस्त्यावर वांगणी आणि नेरळ यांच्या मध्ये शेलू लागते. एका बाजूला माथेरानची डोंगररांग, दुसऱ्या बाजूला उल्हास नदीचे खोरे आणि त्यापलीकडे भीमाशंकरकडे चढत गेलेला सह्याद्रीचा कडा. गावाचा एरवीचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर चालतो. पण वाहन घेऊन निघणाऱ्यासाठी शेलू ही रायगड जिल्ह्याच्या मोठ्या फेरीची सोयीची सुरुवात आहे. कर्जत, खोपोली, पाली, माणगाव, म्हसळा या मार्गाने हरिहरेश्वर गाठायचे, तिथून किनाऱ्याने उत्तरेकडे श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, रेवदंडा, अलिबाग करत यायचे आणि पेण–खोपोलीवरून परत शेलू. हे वर्तुळ चारशे किलोमीटरच्या आसपास भरते.

चारशे किलोमीटर म्हणजे द्रुतगती महामार्गाच्या हिशेबाने एका दिवसाचे काम. या मार्गावर तो हिशेब चालत नाही. दिघीच्या खाडीवर फेरीबोटीसाठी थांबावे लागते, मुरूडजवळच्या जंजिरा किल्ल्याला जाणाऱ्या होड्या वारा-पाणी पाहून सुटतात, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते आणि पावसाळ्यात तर कोणता रस्ता चालू राहील हे पाऊसच ठरवतो. म्हणून इथली आखणी आधी पाण्याच्या वेळांची करायची आणि मग किलोमीटरची.

रस्ता असा का, याचे उत्तर जमिनीच्या घडणीत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार बनले. त्याची पश्चिमेकडची कड म्हणजे सह्याद्री. कर्जत-खालापूर भागात ही कड जवळजवळ उभी आहे आणि काळ्या कातळाचे थर खालून मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात. माथेरान, प्रबळगड, इर्शाळगड हे मुख्य रांगेपासून सुटून उभे राहिलेले डोंगर आहेत. कड्याच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंतची कोकणपट्टी अरुंद असूनही सपाट नाही. डोंगरांचे फाटे थेट किनाऱ्यापर्यंत उतरतात आणि दोन फाट्यांच्या मधून एकेक नदी खाडी होऊन समुद्राला मिळते. अंबेची धरमतर, कुंडलिकेची रेवदंडा, मांदाडची राजपुरी, सावित्रीची बाणकोट. किनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्यापुढे मग दोनच पर्याय उरतात: डोंगराचा फाटा चढून उतरायचा किंवा खाडी ओलांडायची. रेवस ते रेडी या सागरी महामार्गाची कल्पना बॅ. ए. आर. अंतुले यांच्या काळापासून मांडली जात आहे, आणि ती इतकी वर्षे रेंगाळली याचे एक मोठे कारण या खाड्यांवरचे पूल हेच आहे.

हंगाम निवडताना अनेकांचा पहिला कल पावसाळ्याकडे असतो, आणि कर्जत तालुक्यापुरते ते बरोबरही आहे. भिवपुरीजवळचा बेकरे, आषाणे, जांबरुंगजवळचा सोलनपाडा, खोपोलीचा झेनिथ हे धबधबे जुलै-ऑगस्टमध्येच खऱ्या अर्थाने असतात. मात्र या प्रदेशातला पाऊस हा नुसता देखावा नव्हे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीचे पाणी रुळांवर आले आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर–वांगणीदरम्यान, म्हणजे शेलूच्या अगदी अलीकडे, अडकून पडली. हजाराच्या आसपास प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. धबधब्यांवरच्या अपघातांमुळे प्रशासन दर पावसाळ्यात काही ठिकाणी मनाई आदेश काढते. ते निघण्याआधी पाहून घ्यावेत. शिवाय जून ते ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला असल्याने जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात आणि मासेमारीबंदीमुळे ताटात ताजी मासळीही कमी. अर्धा प्रवास किनाऱ्याचा आणि किनारा मात्र बंद, असा हा हंगाम आहे.

डोंगर आणि समुद्र दोन्ही हवे असतील तर ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ घ्यावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात डोंगर हिरवे असतात आणि हवा धुतलेली असते. डिसेंबर-जानेवारीत वालाच्या शेंगा तयार होतात आणि रायगडात पोपटी लागते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवी असल्यास कोंबडी भरायची, मडके उपडे करून भोवती जाळ करायचा. पोपटी हॉटेलच्या यादीतून मागवण्यापेक्षा शेतावर खाण्यात अर्थ आहे. मार्च-एप्रिलमध्ये उकाडा वाढतो, पण बाणकोट खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडली जातात ती याच सुमारास. बागमांडला–वेसवी फेरीबोटीने हरिहरेश्वरहून तिकडे जाता येते. गणेशोत्सवाच्या आधीचे दोन-तीन दिवस मात्र पूर्ण टाळावेत; मुंबईचा चाकरमानी गावी निघालेला असतो आणि मुंबई–गोवा महामार्गावर गाड्यांची रांग लागते.

फेरी कोणत्या दिशेने करायची हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. बहुतेक जण आधी अलिबागला जातात आणि मग दक्षिणेकडे सरकतात. तसे केल्यास समुद्र उजव्या हाताला, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या पलीकडे राहतो. एखाद्या वळणावर थांबावेसे वाटले तर आडवा रस्ता ओलांडावा लागतो. आधी दक्षिण टोक गाठून उत्तरेकडे आले की समुद्र डाव्या हाताला येतो आणि कडेला गाडी घेणे सोपे होते. शनिवारी अलिबागकडे लोटणाऱ्या गर्दीतूनही सुटका होते. या दिशेचा एकच तोटा: रविवारी संध्याकाळी अलिबाग–वडखळ रस्त्यावर परतीची सगळी मुंबई भेटते. त्यावर उपाय म्हणजे फेरी आठवड्याच्या मधल्या दिवसांत संपवणे, नाहीतर रविवारी दुपारच्या आत त्याच रस्त्यावरची कार्लेखिंड ओलांडणे.

शेलूहून पहिला टप्पा कर्जतमार्गे खोपोलीचा. नेरळ लगेचच लागते. माथेरानचा फाटा इथेच आहे, पण माथेरानला या फेरीत बसवण्याचा मोह आवरलेला बरा. तिथे मोटारगाडी गावात जात नाही, दस्तुरी नाक्यावर ठेवावी लागते, आणि १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळची छोटी गाडी पकडायची तर अख्खा दिवस जातो. शेलूकरासाठी ती सहल स्वतंत्रच असते.

नेरळनंतर भिवपुरी, मग कर्जत आणि पळसदरीवरून खोपोली. या पट्ट्यात आणि पुढे कोलाडपर्यंत एक गोष्ट लक्षात ठेवली तर नद्यांचे कोडे उलगडते. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस स्वभावतः पूर्वेकडे, भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात जाणारा. टाटांनी माथ्यावर धरणे बांधून ते पाणी अडवले आणि कड्यावरून नळांतून खाली सोडून वीज काढली. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी १९१५ पासून खोपोलीच्या वीजगृहात उतरते आणि पुढे पाताळगंगेला मिळते. ठोकरवाडीचे पाणी भिवपुरीला येते आणि उल्हासला मिळते. भिवपुरीचे वीजगृह १९२२ चे. मुळशीचे पाणी भिऱ्याला येऊन कुंडलिकेत जाते. मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२० च्या दशकात झालेला सत्याग्रह याच पाण्यासाठी बुडणाऱ्या जमिनींचा होता. वीजगृहांतून येणाऱ्या या पाण्यामुळे ऐन उन्हाळ्यात, आसपासचे ओढे कोरडे पडलेले असताना, या तीन नद्यांना पाणी दिसते. कोलाडच्या राफ्टिंगचे गुपितही तेच. भिऱ्याहून पाणी सुटले की कुंडलिकेला वेग येतो, आणि ते साधारण सकाळी सुटते. म्हणून दुपारी पोचून राफ्टिंग मिळेल असे गृहीत धरू नये, आदल्या दिवशी विचारून घ्यावे.

खोपोलीजवळच अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक आहे आणि पुढे पालीचा बल्लाळेश्वर. दोन्ही एकाच रस्त्याच्या ओघात होतात. त्यांच्या मध्ये, खोपोली–पाली रस्त्यावरून आत वळून चावणी गावाजवळ, उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेला इथे कोंडीत पकडले. अंबा नदीच्या पात्राजवळ स्मारक आहे. जागा पाहिल्यावर लढाईचे वर्णन वेगळे वाचावे लागत नाही: दोन्ही बाजूंना दाट झाडीचे चढ, मध्ये अरुंद वाट, मागे घाट. गर्दीची देवस्थाने पहाटे उरकून इथे निवांत तास-दीड तास द्यावा, असा क्रम चांगला. संकष्टी-अंगारकीला महड आणि पालीच्या रांगा पाहता तो दिवस प्रवासासाठी निवडू नये, अर्थात दर्शनासाठीच निघाले असाल तर गोष्ट वेगळी.

पालीहून वाकण फाट्याला मुंबई–गोवा महामार्ग लागतो. त्याचे पनवेल–इंदापूर रुंदीकरण २०११ पासून सुरू झाले आणि ते किती रखडले हे कोकणात कुणाला सांगायला नको. कोलाड, इंदापूर, माणगाव असा हा टप्पा पाहण्यासारखा कमी आणि पार पाडण्यासारखा जास्त आहे. माणगावहून निजामपूरमार्गे पाचाडला, म्हणजे रायगड किल्ल्याच्या पायथ्याशी जाता येते. हातात एक दिवस जास्त असेल तर इथे खर्च करावा. नसेल तर रायगड धावतपळत करू नये. माणगाव ते म्हसळा रस्त्यात घोणसे घाट आहे. नावाने मोठा नसलेला हा घाट वळणांनी आणि उतारांनी सावध करतो.

घाटात उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम आहे आणि त्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. ब्रेक सतत दाबून ठेवले की घर्षणाने तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला आवरते. न्यूट्रलमध्ये टाकून इंधन वाचवणे हा तर निव्वळ घातक हिशेब. अरुंद जागी समोरासमोर गाठ पडली तर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हे केवळ सौजन्य नाही, वाहतुकीचा नियमही आहे, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणे अवघड असते. धुके उतरले की दिवे खाली ठेवावेत. प्रखर झोत धुक्यावरून उलट डोळ्यांवर येतो. अंधार पडण्याआधी मुक्काम गाठणे हा सगळ्यात स्वस्त विमा. गावरस्त्यांवर गुरे आणि बिनदिव्याच्या सायकली रात्री दिसत नाहीत.

हरिहरेश्वरला पहिला मुक्काम करायचे कारण ओहोटी. मंदिरामागे कातळातल्या पायऱ्या उतरून समुद्राच्या कडेकडेने प्रदक्षिणेची वाट जाते. भरतीत लाटा त्याच कातळावर आपटतात आणि तिथे जीव गेलेले आहेत. तेव्हा ओहोटीची वेळ आधी काढून ठेवावी. त्यासाठी किनाऱ्यावरच्या लोकांचे एक जुने गणित आहे: तिथीला तीनने गुणून चारने भागायचे, येणारा आकडा पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. दिवसाला दोन भरत्या येतात आणि भरतीनंतर सहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो. हे गणित मुंबई-रायगड किनाऱ्यापुरते आणि अंदाजाचे. छापील किंवा ऑनलाइन भरती-तक्त्यावर खात्री करून घ्यावी.

त्याला एक उपकलम आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, म्हणजे भरती खूप चढते आणि ओहोटीही खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, पाणी ना फार चढत ना फार उतरत. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते, वेळ सोयीची, पण पाणी पुरेसे हटत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचे असेल तर हा फरक गुडघाभर पाणी की ओली वाळू इतका पडतो. सगळ्यात जमणारे दिवस म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया: उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी सात-आठच्या सुमारास लागते. फेरीची तारीख ठरवताना कॅलेंडरवर सुट्टी पाहतात तशी तिथीही पाहावी.

दुसरा दिवस अंतराने छोटा आणि पाहण्याने मोठा. हरिहरेश्वर ते श्रीवर्धन, तिथून आरावी, शेखाडीवरून दिवेआगर. आरावी–शेखाडीचा रस्ता कित्येक ठिकाणी समुद्राला अगदी चिकटून जातो, आणि या संपूर्ण फेरीत सर्वांत देखणा कोणता, असे विचारले तर उत्तर हाच. श्रीवर्धन हे पेशवा बाळाजी विश्वनाथ यांचे मूळ गाव. इथली रोठा सुपारी नावाजलेली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या झोडपून काढल्या. सुपारीचे झाड उत्पन्नाला यायला वर्षे लागतात, म्हणून वाड्यांतून जागोजागी कमी उंचीची, नव्या लागवडीची झाडे दिसतात. दिवेआगर आणि श्रीवर्धनला घरगुती राहण्या-जेवण्याची सोय भरपूर आहे, पण ती घरेच आहेत, हॉटेले नव्हेत. किती माणसे, शाकाहारी किती, मोदक हवेत का, हे सकाळीच फोनवर सांगितले तर दुपारी गरम जेवण मिळते. दोन वाजता दारात गाडी उभी करून विचारले तर मिळेलच असे नाही.

दिवेआगरहून बोर्ली पंचतनवरून दिघी. तिथून फेरीबोट गाडीसकट आगरदांड्याला उतरवते. शनिवार-रविवारी रांग लागते, शेवटची बोट संध्याकाळी निघून जाते आणि वारा फार असला तर फेऱ्या थांबतात. बोट चुकली तर राजपुरी खाडीला वळसा घालून म्हसळ्याकडून जावे लागते आणि त्यात काही तास मोडतात. म्हणून दिघीचा धक्का दुपारी तीनच्या आत गाठावा. इंधनाची टाकी श्रीवर्धनलाच भरून घ्यावी. लहान गावांत पंप मिळेल या भरवशावर राहू नये. या भागात फोनची रेंजही येते-जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवावा. नकाशाचे ॲप दोन मिनिटे वाचवण्यासाठी कधी कधी वाडीतल्या पाणंदीत नेऊन घालते; एसटी ज्या रस्त्याने जाते तो धरला की सहसा चूक होत नाही.

मुरूडला दुसरा मुक्काम. जंजिऱ्याला राजपुरीहून होड्या जातात. किल्ल्यात फिरायला होडीवाले ठरावीक वेळच देतात, त्यामुळे सकाळची पहिली होडी धरावी: ऊन कमी, गर्दी कमी. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना कधीच घेता आला नाही. त्याला तोंड द्यायला बांधलेला पद्मदुर्ग मुरूडच्या किनाऱ्यावरूनच दिसतो. मुरूडच्या उत्तरेला फणसाड अभयारण्य आहे, १९८६ मध्ये जाहीर झालेले. समुद्राच्या इतक्या जवळ शेकरू दिसावा अशी जागा दुर्मीळ, पण अभयारण्य पहाटेचे. दहानंतर तिथे शिरून निराश होणारे पुष्कळ.

नांदगाव, काशीद, कोर्लई, मग कुंडलिकेच्या खाडीवरचा साळाव पूल ओलांडून रेवदंडा, चौल, अलिबाग. काशीदला पांढरी पुळण आहे, पण पाणी फसवे. स्थानिक जिथे उतरत नाहीत तिथे उतरू नये. कोर्लई गावात आजही पोर्तुगीजपासून निघालेली एक मिश्र बोली बोलली जाते आणि वरच्या किल्ल्यावरून खाडीचे मुख पूर्ण दिसते. चौल हे प्राचीन बंदर. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफनासी निकितिन इथेच उतरला. तिसरा मुक्काम अलिबागला ठेवला तर चौथ्या सकाळी ओहोटी साधून कुलाबा किल्ला होतो. फेब्रुवारीनंतर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याच्या कडेला टांगलेल्या दिसतात; भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्या नावाने दुसरेही कांदे खपवले जातात, तेव्हा पारखून घ्यावेत.

परतीला कार्लेखिंड, पोयनाड, वडखळ, पेण. पेणला गणपतीच्या मूर्तींचे कारखाने वर्षभर चालू असतात आणि तिथले पोहे-पापड घरी न्यायची रीतच आहे. पेणहून पनवेलकडे न वळता खोपोलीचा रस्ता धरला की महामार्गाची गर्दी सुटते. याच रस्त्यावर गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव आहे. खोपोलीपासून पुढे कर्जत, नेरळ, शेलू हा आला तोच रस्ता.

चार दिवस मिळत नसतील तर फेरी आखडती घेता येते. तीन दिवसांत रेवदंडा-अलिबाग धावते पाहून थेट पेण गाठायचे. दोनच दिवस असतील तर दिघीची खाडी सोडून द्यावी: शेलू–खोपोली–पेण–अलिबाग–मुरूड, मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी डोंगर ओलांडून रोहा, कोलाड, वाकण, पाली, खोपोली करत परत. एका दिवसात किनारा करण्याचा हट्ट धरू नये. त्यापेक्षा महड, उंबरखिंड, पाली आणि पालीजवळचे उन्हेऱ्याचे गरम पाण्याचे झरे एवढेच करून दिवेलागणीला शेलूत परतता येते, आणि पावसाळ्यात किनारा बंद असताना तर हाच मार्ग योग्य. तेव्हाही अंबा नदी फुगलेली असेल आणि तिच्या पुलावरून पाणी जात असेल तर गाडी पाण्यात घालू नये. पाणी उतरेपर्यंत पालीत थांबावे.